परमिशन डिनाइड: आधी बघा, फाइल कुठल्या बाजूला आहे

आजचा भाग गप्पांपेक्षा कामाचा जास्त आहे. विंडोजच्या आत लिनक्स चालवताना परमिशनवरून जी डोकेदुखी होते, तिच्याबद्दल बोलायचंय. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स, तुमच्यापैकी बरेच जण वापरत असणार. कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप विंडोजचा, ऑफिसने दिलेलाही विंडोजचा, आणि लिहिलेला कोड मात्र शेवटी लिनक्सच्या सर्व्हरवर जाऊन चालणार. मग दुसरा लॅपटॉप घेण्यापेक्षा किंवा ड्युअल बूटच्या भानगडीत पडण्यापेक्षा हा मार्ग सोपा.

सोपा खरा, पण पहिल्या आठवड्यात एक ओळ हमखास भेटते: परमिशन डिनाइड. आणि ती भेटली की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. आधी कमांडच्या पुढे सुडो लावतात. त्याने भागलं नाही तर सीएच-मॉड ७७७ मारतात. कधी काम होतं, कधी होत नाही. झालं तरी का झालं ते कळत नाही, आणि हा जास्त धोक्याचा भाग आहे. कारण लॅपटॉपवर लागलेली सवय सर्व्हरवर जाते, आणि तिथे दुसऱ्यांचा डेटा असतो.

म्हणून आज माझं म्हणणं एकच आहे. डब्ल्यूएसएलमध्ये परमिशनची एरर आली की कुठलीही कमांड मारण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ही फाइल लिनक्सच्या बाजूला आहे की विंडोजच्या? त्याचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

हा भाग ऐकायचा असल्यामुळे कमांड मी अक्षरं सुटी करून सांगतेय. इथेही तशाच लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या लिपीत आणि सलग टाका.

दोन घरं, दोन दप्तरं

थोडी पार्श्वभूमी. डब्ल्यूएसएल पहिल्यांदा आलं २०१६ मध्ये, विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटबरोबर. त्या पहिल्या आवृत्तीत लिनक्सचा कर्नल नव्हताच. लिनक्सचा प्रोग्रॅम कर्नलकडे जे मागायचा, ते विंडोजच्या भाषेत उलथवून दिलं जायचं. २०१९ मध्ये डब्ल्यूएसएल २ जाहीर झालं आणि २०२० मध्ये ते विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेटमधून सगळ्यांपर्यंत पोचलं. यात खरा लिनक्स कर्नल एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. आज तुम्ही नव्याने इन्स्टॉल केलंत तर बहुधा हेच मिळतं.

आता मुद्दा. डब्ल्यूएसएल २ मध्ये लिनक्सच्या फाइल्स एका व्हर्च्युअल डिस्कवर असतात. तिच्यावरची फाइल सिस्टिम ईएक्सटी-४, म्हणजे अस्सल लिनक्सची. तुमचं होम फोल्डर, स्लॅश होम स्लॅश तुमचं नाव, तिथे असतं. पण त्याच टर्मिनलमधून तुम्हाला स्लॅश एम-एन-टी स्लॅश सी असंही एक फोल्डर दिसतं. ती तुमची विंडोजची सी ड्राइव्ह. डेस्कटॉप, डाउनलोड्स, सगळं तिथे. तिची फाइल सिस्टिम एनटीएफएस.

दिसायला दोन्ही सारखे फोल्डर. सीडी करून एकातून दुसऱ्यात जाता येतं. पण परवानगीचा हिशेब दोघांचा वेगळा. लिनक्स विचारतं तीन गोष्टी: मालक कोण, ग्रुप कुठला, आणि बाकीच्यांना काय मुभा. प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं असे तीन हक्क. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. म्हणून ६०० म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकी कुणाला काही नाही. विंडोजकडे असा तीन आकड्यांचा हिशेब नाही. तिथे प्रत्येक फाइलला एक यादी जोडलेली असते: अमुक युजरला हे करता येईल, अमुक ग्रुपला ते करता येणार नाही.

गावातल्या जमिनीचा सातबारा असतो आणि शहरातल्या मिळकतीचं प्रॉपर्टी कार्ड. दोन्ही मालकीचेच कागद, पण दप्तरं वेगळी. तलाठ्याकडे तुमची कितीही ओळख असली तरी सिटी सर्व्हेच्या ऑफिसात तिचा उपयोग नाही. सुडोचं तसंच आहे. लिनक्सच्या दप्तरात त्याचा शब्द शेवटचा. विंडोजच्या दप्तरात त्याला कुणी विचारत नाही.

तीन प्रश्न

एरर आली की मी हे तीन प्रश्न विचारते.

पहिला: मी कोण आहे? कमांड आहे आय-डी. फक्त दोन अक्षरं. तुमचं नाव, तुमचा नंबर आणि तुम्ही कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये आहात हे ती सांगते. उबुंटूवर पहिल्या युजरचा नंबर सहसा १००० असतो. शून्य दिसला तर तुम्ही रूट म्हणून बसलाय. दुसरीकडून आणलेली डिस्ट्रो डब्ल्यूएसएलमध्ये इंपोर्ट केली असेल तर हे बऱ्याचदा होतं, आणि मग बनवलेली प्रत्येक फाइल रूटच्या नावावर जाते.

दुसरा: मी कुठे आहे? डी-एफ, डॅश कॅपिटल टी, आणि पुढे एक टिंब. टिंब म्हणजे आत्ताचं फोल्डर. टाइपच्या रकान्यात ईएक्सटी-४ आलं तर तुम्ही लिनक्सच्या घरात आहात. डब्ल्यूएसएल २ वर ‘९ पी’ आलं तर विंडोजच्या. हे ९ पी म्हणजे दोन बाजूंमध्ये फाइल्स ने-आण करणारा प्रोटोकॉल.

तिसरा: फाइल कुणाची आहे? एल-एस, डॅश एल. मालक, ग्रुप आणि परवानगी एका ओळीत दिसते. आणि वाटेत कुठलं फोल्डर आडवं येतंय असा संशय असेल तर नेम-आय, डॅश एल, आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता. ही कमांड फारशी कुणी वापरत नाही, पण फार कामाची आहे. मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीची परवानगी ती ओळीने दाखवते.

यातली कुठलीच कमांड काही बदलत नाही, फक्त बघते. त्यामुळे निर्धास्त मारा.

किल्ली उघडी आहे म्हणून एसएसएच रुसतं

आता खऱ्या केसेस घेऊ. पहिली, सगळ्यात जास्त भेटणारी. क्लाउडवर सर्व्हर घेतला, किल्लीची फाइल डाउनलोड केली, ती गेली विंडोजच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये. लिनक्सच्या टर्मिनलमधून तिथूनच ती वापरून एसएसएच करायला गेलात की मोठ्या अक्षरांत चौकट येते: अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल. खाली लिहिलेलं असतं की परमिशन्स ०७७७ फारच मोकळ्या आहेत. आणि शेवटी, परमिशन डिनाइड.

आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाचा अख्खा दिवस यात गेला होता. त्याने सीएच-मॉड ६०० मारलं होतं, अगदी बरोबर. कमांडने तक्रारही केली नव्हती. पण पुन्हा एल-एस केलं की परत ७७७. त्याने ते वीस वेळा केलं असेल. संध्याकाळी तो मला म्हणाला, "ताई, मला बहुतेक लिनक्स जमणार नाही." त्याची कमांड बरोबर होती, कळणारा माणूस होता, आणि तरी तो स्वतःवर शंका घेऊन बसला होता. हा भाग करायचं मी ठरवलं ते खरं तर त्या वाक्यामुळे.

काय होत होतं? फाइल विंडोजच्या घरात होती. तिथे लिनक्सचे हे तीन आकडे ठेवायला मुळात जागाच नाही. मग डब्ल्यूएसएल काय करतं, तर तुमच्या विंडोज युजरला त्या फाइलवर काय हक्क आहेत ते बघतं आणि त्यावरून आकडे रचून दाखवतं. तुम्हाला वाचता, लिहिता, चालवता येतं ना, मग सगळ्यांनाच ७. म्हणून ७७७. तो आकडा कुठेही लिहिलेला नसतो, दाखवण्यापुरता असतो. आणि दाखवण्यापुरत्या आकड्यावर सीएच-मॉड मारलं तर एक तर काहीच होत नाही, नाहीतर ऑपरेशन नॉट परमिटेड असं उत्तर येतं. अपवाद एकच: लिहिण्याचे सगळे हक्क काढून टाकले, तर विंडोज त्या फाइलला रीड-ओन्लीची खूण लावतं.

उपाय? किल्ली लिनक्सच्या घरात न्या. होममध्ये टिंब-एसएसएच नावाचं फोल्डर करा, त्याला ७०० द्या, किल्ली तिथे कॉपी करा, तिला ६०० द्या. आता आकडा खरा आहे, आणि एसएसएच गुमान आत सोडतं. डाउनलोड्समधली जुनी प्रत मात्र आठवणीने पुसून टाका. किल्ली ती किल्लीच, दोन ठिकाणी कशाला पडू द्यायची?

आणि लक्षात घ्या, एसएसएच इथे अडवतंय ते तुमच्याच भल्यासाठी. ज्या फाइलने सर्व्हर उघडतो ती त्या मशीनवरच्या कुणालाही वाचता येते, असं ते सांगतंय. ही एरर शिवी नाही, सूचना आहे.

विंडोजच्या घरातच राहायचं असेल तर

कधी कधी फाइल्स सी ड्राइव्हवरच ठेवाव्या लागतात. विंडोजचा एखादा प्रोग्रॅमही त्याच वापरतो, किंवा ऑफिसचा बॅकअप तिथलाच निघतो. मग डब्ल्यूएसएलला सांगता येतं की लिनक्सचे आकडे त्या फाइलला चिकटवून ठेव. याला म्हणतात मेटाडेटा.

लिनक्समध्ये स्लॅश ईटीसी स्लॅश डब्ल्यूएसएल-टिंब-कॉन्फ ही फाइल सुडोने उघडा. नसेल तर नवी करा. त्यात चौकोनी कंसात ऑटोमाउंट. खालच्या ओळीत ऑप्शन्स, बरोबरचं चिन्ह, आणि दुहेरी अवतरणात मेटाडेटा, कॉमा, यूमास्क बरोबर २२. मधे स्पेस नको. सेव्ह करा. मग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये जाऊन डब्ल्यू-एस-एल, डॅश डॅश शटडाउन. नुसतं टर्मिनल बंद करून उघडलं तर बदल लागू होईलच असं नाही, कारण आतलं मशीन मागे चालू राहू शकतं. शटडाउनने सगळ्या डिस्ट्रो बंद होतात, तेव्हा आधी हातातलं काम सेव्ह करा.

आता सीएच-मॉड आणि सीएच-ओन सी ड्राइव्हवरही टिकतात. आकडे एनटीएफएसच्या जादा नोंदींमध्ये, म्हणजे एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट्समध्ये जाऊन बसतात. आणि ज्या फाइल्सना अजून असा आकडा दिलेला नाही, त्या यूमास्क २२ मुळे ७७७ ऐवजी ७५५ दिसतात.

पण एक गोष्ट समजून घ्या. हे आकडे फक्त लिनक्स मानतं. तुम्ही ६०० दिलं म्हणून विंडोज ती फाइल दुसऱ्यापासून लपवणार नाही. विंडोज आपल्या यादीप्रमाणेच चालणार. उलट, विंडोजच्या यादीत तुम्हाला लिहायची मुभा नसेल तर मेटाडेटातलं ७७७ सुद्धा काही कामाचं नाही.

गिट का बिथरतं

दुसरी केस गिटची. सी ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये उभं राहून गिट क्लोन केलं आणि सुरुवातीलाच एरर: कॉन्फिग-लॉक फाइलवर सीएच-मॉड फेल, ऑपरेशन नॉट परमिटेड. आता कारण तुम्हीच सांगू शकाल. गिट आपल्या फाइलला आकडा द्यायला गेलं, आणि तिथे आकडा ठेवायला जागा नव्हती.

याचंच दुसरं रूप म्हणजे, एका अक्षराला हात न लावता गिट स्टेटस शंभर फाइल्स बदलल्या म्हणून दाखवतं. डिफ बघितला तर जुना मोड १००६४४, नवा मोड १००७५५. मजकूर तोच, बदललाय फक्त चालवण्याचा हक्क. कोअर-टिंब-फाइलमोड ही सेटिंग फॉल्स केली की हा गोंधळ थांबतो. पण तो तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे प्रोजेक्ट लिनक्सच्या होममध्ये क्लोन करणं. मायक्रोसॉफ्टचाही सल्ला हाच आहे की लिनक्सची टूल्स वापरणार असाल तर फाइल्स लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये ठेवा. परमिशनची कटकट जातेच, शिवाय वेगही वाढतो, कारण प्रत्येक फाइलसाठी सीमा ओलांडावी लागत नाही. नोड मॉड्यूल्सचं ते अवाढव्य फोल्डर दोन्हीकडे एकदा करून बघा, घड्याळ लावायची गरज पडणार नाही.

आणि गिट जर डुबियस ओनरशिप म्हणालं, तर तो एप्रिल २०२२ मध्ये गिटमध्ये मुद्दाम आणलेला पहारा आहे. फोल्डरचा मालक एक आणि कमांड मारणारा दुसरा असेल तर गिट काम करत नाही. विंडोजमधलं गिट लिनक्सच्या फोल्डरवर चालवलं की हे होतं. सेफ डिरेक्टरीत ते फोल्डर टाकता येतं, पण आधी मालक का जुळत नाही ते बघा. लिनक्सच्या फोल्डरवर लिनक्सचंच गिट चालवलं तर प्रश्नच येत नाही.

सुडोने केलेली घाण

तिसरी केस. फाइल लिनक्सच्याच घरात आहे, तरी एडिटरमध्ये सेव्ह करता येत नाही. ई-ॲक्सेस, परमिशन डिनाइड. एल-एस केलं तर मालकाच्या जागी रूट. हे कसं झालं? बहुधा कधीतरी एखादी कमांड अडली, पुढे सुडो लावला, आणि त्या कमांडने बनवलेल्या सगळ्या फाइल्स रूटच्या झाल्या. सुडो एनपीएम इन्स्टॉल हा यातला नेहमीचा गुन्हेगार. दुसरा डॉकर: कंटेनरच्या आत प्रोग्रॅम रूट म्हणून चालतो आणि तुमचं फोल्डर जोडलेलं असेल तर त्यात रूटच्या फाइल्स टाकतो.

इथे सीएच-मॉड नको. हक्क बरोबर आहेत, मालक चुकलाय. म्हणून सीएच-ओन. सुडो, सीएच-ओन, डॅश कॅपिटल आर, मग तुमचं नाव, कोलन, पुन्हा तुमचं नाव, आणि प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव. कॅपिटल आर म्हणजे आतलं सगळं. एंटर मारण्याआधी फोल्डरचं नाव दोनदा वाचा. तिथे चुकून नुसता स्लॅश राहिला तर अख्ख्या सिस्टिमचा मालक बदलतो आणि मग सुडोसकट सगळं बंद पडतं.

पुन्हा होऊ नये म्हणून? ग्लोबल पॅकेजेससाठी एनव्हीएम वापरा, त्यात सगळं होममध्येच राहतं. पायथनसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. डॉकर रन करताना डॅश यू देऊन आपला नंबर सांगा. आणि स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये सुडो लागतोय असं दिसलं की थांबा. स्वतःच्या घरात शिरायला जर किल्लीवाला बोलवावा लागत असेल तर कुलूप कुणीतरी बदललंय.

सुडो असूनही नाही म्हणजे नाही

चौथी केस बरोबर उलटी. सुडो लावलाय, तुम्ही रूट आहात, तरी परमिशन डिनाइड. पत्ता बघा, स्लॅश एम-एन-टी स्लॅश सी च्या आत प्रोग्रॅम फाइल्स किंवा विंडोज फोल्डर असेल. तिथे जाताना तुम्ही लिनक्सचे रूट म्हणून जात नाही, ज्या विंडोज युजरने टर्मिनल उघडलं त्याच्या नावाने जाता. त्याला तिथे लिहायची मुभा नाही, म्हणून तुम्हालाही नाही. ते काम खरंच करायचं असेल तर विंडोजच्या बाजूने, ॲडमिनच्या हक्काने करा. आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ॲडमिनचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा.

कधी कधी परवानगी सगळी ठीक असते, तरी सी ड्राइव्हवरची फाइल पुसता किंवा नाव बदलता येत नाही. तेव्हा ती विंडोजच्या एखाद्या प्रोग्रॅमने उघडून धरलेली असते. लिनक्समध्ये उघडी फाइलही पुसता येते, विंडोजमध्ये सहसा येत नाही. पण लिनक्सला मिळतं तेच उत्तर, परमिशन डिनाइड. अशा वेळी तो प्रोग्रॅम बंद करणं एवढंच औषध.

डॉकर, एक छोटा ए, आणि मागचा दरवाजा

पाचवी. लिनक्सच्या आतच डॉकर इन्स्टॉल केलंय आणि ते म्हणतं की डॉकर डीमनच्या सॉकेटला जोडता येत नाही, परमिशन डिनाइड. इथे तुम्ही डॉकर नावाच्या ग्रुपमध्ये नाही, एवढंच. कमांड: सुडो, यूजर-मॉड, डॅश छोटा ए कॅपिटल जी, डॉकर, आणि तुमचं नाव. मग शटडाउन करून परत सुरू करा, कारण ग्रुप नव्या लॉगिनलाच लागू होतो.

तो छोटा ए विसरू नका. त्याचा अर्थ आहे ‘भर घाल’. तो नसेल तर तुम्ही फक्त डॉकर ग्रुपमध्ये राहता आणि बाकीच्या जादा ग्रुप्समधून बाहेर पडता. उबुंटूवर सुडो हाही एक ग्रुपच आहे. म्हणजे एका अक्षरापायी सुडोचा हक्क जातो.

गेलाच तर घाबरू नका, पुन्हा इन्स्टॉल करू नका. पॉवरशेल उघडा, डब्ल्यू-एस-एल, डॅश यू, रूट. पासवर्ड न विचारता तुम्ही रूट म्हणून आत. तिथून स्वतःला परत सुडो ग्रुपमध्ये घाला. सुडोचा पासवर्ड विसरला असाल तरी हाच रस्ता: आत गेल्यावर पास-डब्ल्यूडी, पुढे तुमचं नाव, आणि नवा पासवर्ड. लोकांनी या एका कारणासाठी सगळी डिस्ट्रो उडवलेली मी पाहिलीय, आतल्या कामासकट.

यातून एक धडाही घ्या. डब्ल्यूएसएलमधला लिनक्सचा पासवर्ड तुमच्या उघड्या लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाला अडवत नाही. खरं कुलूप विंडोजच्या लॉगिनचं आहे. जागेवरून उठताना स्क्रीन लॉक करा. आणि डॉकरच्या ग्रुपमध्ये असणं म्हणजे जवळजवळ रूट असणंच, हेही लक्षात असू द्या.

परमिशनसारखं दिसणारं

दोन किरकोळ, पण छळणाऱ्या गोष्टी. स्क्रिप्ट टिंब-स्लॅशने चालवली आणि परमिशन डिनाइड आलं, तर एल-एसमध्ये एक्स आहे का बघा. नसेल तर सीएच-मॉड, यू अधिक एक्स. तीच स्क्रिप्ट बॅशच्या पुढे नाव देऊन चालते, कारण तेव्हा बॅश ती फक्त वाचत असतो.

आणि एक्स देऊनही बॅड इंटरप्रिटर आलं, तर तो परवानगीचा प्रश्नच नाही. फाइल विंडोजच्या एडिटरमध्ये लिहिलीय आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जादा अक्षर आहे. डॉस-टू-युनिक्स नावाचं छोटं टूल ते काढून टाकतं.

७७७ का नको

शेवटी या आकड्याबद्दल. ७७७ देऊ नका असं सगळे सांगतात, का ते थोडेच सांगतात. एक उदाहरण घ्या. होममध्ये वेबसाइटचं फोल्डर आहे, एनजिनएक्सला ते दाखवायला सांगितलं, ब्राउझरमध्ये ४०३ आलं. लॉगमध्ये परमिशन डिनाइड. मग फोल्डरला ७७७. तरी ४०३. आतल्या सगळ्या फाइल्सना ७७७. तरी ४०३.

नेम-आय मारा, दोन सेकंदांत कळेल. उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचं होम फोल्डर ७५० असतं. बाहेरच्याला आत पाऊलच टाकता येत नाही. एनजिनएक्सचा युजर दारातच अडलाय, आणि तुम्ही आतल्या खोल्यांची कुलपं काढत सुटलात. काम तर झालं नाहीच, वर सगळ्या फाइल्स कुणालाही लिहिता येतील अशा झाल्या. साइट स्लॅश व्हीएआर स्लॅश डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूमध्ये ठेवली असती तर यातलं काहीच लागलं नसतं.

लॅपटॉपवर याने फार बिघडत नाही. पण तोच हात उद्या सर्व्हरवर असतो. तिथे वेब ॲप्लिकेशनच्या फोल्डरला ७७७ म्हणजे त्या मशीनवर कसंही शिरलेल्या कुठल्याही प्रोसेसला तुमचा कोड बदलायची मुभा. कॉन्फिग फाइलमधला डेटाबेसचा पासवर्ड सगळ्यांना वाचायला मोकळा. त्या डेटाबेसमध्ये कुणाचे फोन नंबर असतील, कुणाचे रिपोर्ट असतील. त्यांना ७७७ म्हणजे काय हे माहीतही नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. ती जबाबदारी आपली.

तर, पुढच्या वेळी ती ओळ दिसली की क्रम एवढाच. मी कोण, फाइल कुठल्या बाजूला, मालक कोण. विंडोजच्या बाजूला असेल तर ती लिनक्समध्ये आणा, नाहीतर मेटाडेटा लावा. लिनक्समध्ये असून मालक चुकला असेल तर सीएच-ओन. हक्कच कमी असेल तर सीएच-मॉड, तेही लागेल तेवढंच. आणि शेजारी कुणी नवीन मुलगा किंवा मुलगी यात अडकलेली दिसली तर ७७७ सांगून मोकळे होऊ नका. पाच मिनिटं बसा, नेम-आय मारून दाखवा.

आजच्यासाठी एवढंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.